निळ्या कागदाची बाहुली

१

"दर साली तिच्याकडं एक बाहुली वाढती, आणि गल्लीतल्या एकाचे डोळे—"

एवढंच ऐकू आलं. द्वारकाबाई घागर कमरेवर घेऊन हौदाच्या कोपऱ्यावर वळल्या आणि साळूबाईचं तोंड डबीला झाकण लावावं तसं मिटलं. शेजारची भागूबाई उगीचच कोरडी कळशी पदरानं पुसायला लागली.

"डोळे काय गं?" द्वारकाबाईंनी घागर खाली टेकवायच्या आतच विचारलं.

"कुणाचे डोळे?"

"आत्ता म्हणायलीस की."

"माझे वं, काकू. चुलीच्या धुरानं जळजळ करायलेत."

"आणि बाहुली कुणाकडं वाढती?"

साळूबाई हसली, पण भागूबाई हसली नाही. दोघी अर्ध्या भरलेल्या घागरी उचलून चालत्या झाल्या. त्या दिवशी घटाची सातवी माळ होती, सात दिवसांचा उपास अंगात मुरला होता, आणि त्यात हा असा अर्धा घास तोंडाशी आणून काढून घेतलेला. द्वारकाबाईंना पाणी भरायचंसुद्धा सुचेना.

औरंगपुऱ्यामागच्या त्या गल्लीत बावीस घरं होती. पोलीस ॲक्शन होऊन सात वर्षं लोटली होती, कचेऱ्यांतली उर्दू जाऊन मराठी येऊ लागली होती, तरी गल्लीतल्या बायकांत अक्षर येणारी बाई एकच: द्वारकाबाई. शिक्षण चौथीपर्यंतचं. पण सगळ्यांची पत्रं त्यांच्याच ओसरीवर यायची. एक गुडघा उभा करून त्या बसायच्या, ओळीखाली बोट ठेवायच्या, ओठ हलवत आधी मनात वाचायच्या आणि मग मोठ्यानं. ऐकणारीचे डोळे भरून आले तर स्वतःही रडायच्या. कुणाच्या घरी अडचण आहे असं पत्रातून कळलं, तर संध्याकाळी पायलीभर ज्वारी घेऊन निघायच्या. फक्त ज्वारी नेताना वाटेत दोन घरी थांबून, ती का न्यावी लागते आहे तेही सांगायच्या. मनात वाईट काही नसायचं. पोटात गोष्ट राहत नसे, एवढंच.

एकाच माणसाचं पत्र त्या दार लावून वाचत: लेकीचं. अनसू वैजापूरला दिली होती, आडतीवाल्यांच्या घरी. पंधरा दिवसांनी एक पत्र ठरलेलं. आता दीड महिना होत आला होता आणि पोस्टमन फकिरा गल्लीत शिरला की द्वारकाबाई उंबऱ्यावर आणि फकिरा लांबूनच मान हलवणार. मागच्या पत्रात एक ओळ लिहून काळ्या शाईनं गिरगिटून टाकली होती. उन्हात धरून, दिव्यावर धरून, मागून पुढून बघून झालं होतं. ओळ काही लागली नव्हती.

२

गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मिळवल्याशिवाय त्यांना झोप लागणार नव्हती. त्या दुपारी त्यांनी गल्लीतले डोळे तपासायला घेतले. कुणाकडे विरजण मागायच्या निमित्तानं, कुणाकडे सूप मागायला. भागूबाईची सासू सत्तरीची, पण तांदळातला खडा नेमका उचलत होती. कोपऱ्यावरचा बांगडीवाला कांकणावरचा तडा लांबून दाखवत होता. आंधळं कुणी झालेलं नव्हतं.

"अहो, त्या शेवटच्या घरातल्या तेलंगीणबाईच्या बाहुल्यांचं काय ऐकलंय तुम्ही?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. रामकिसन मोंढ्यात मापाडी होते. जेवताना ते बोलत नसत आणि जेवण झाल्यावर झोपत.

"नसत्या चौकश्या," म्हणाले आणि कुशीवर वळले.

राहिले सदाशिवराव मुन्शी. निजामाच्या राज्यात अदालतीत नोकरी केलेले, गल्लीचे सगळे अर्ज तेच लिहीत. उर्दू, मोडी, बाळबोध, काहीही सांगा. गेल्या दसऱ्यापासून मात्र म्हातारा अर्जाला हात लावत नव्हता. वय झालं, असं सगळे म्हणत.

द्वारकाबाई रेशनचा कागद घेऊन गेल्या. मुन्शीजी खाटेवर बसून वर बघत होते.

"काय बघायलात, मुन्शीजी?"

"लिंबावर घार बसलीय. शेंड्याला. चोचीत काडी हाय तिच्या."

द्वारकाबाईंना घारच दिसायला वेळ लागला, काडी तर दिसलीच नाही. म्हणजे डोळे तर शाबूत होते. त्यांना हायसं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं, कारण गोष्ट मग नुसतीच थाप ठरत होती.

"हा कागद जरा बघता का?"

मुन्शीजींनी कागद घेतला. बराच वेळ समोर धरला. बाहेर कुणीतरी पापड वाळत घालत होतं, त्या बाजेचा करकर आवाज तेवढा येत होता.

"ठीक हाय," ते म्हणाले. "सगळं ठीक लिवलंय."

कागद उलटा होता.

ओसरीवर परत येईस्तोवर द्वारकाबाईंनी स्वतःची समजूत घातली. उर्दूत हयात गेली माणसाची, ती उजवीकडून वाचतात. मराठीची सवय मोडली असेल. पण मुन्शीजी दोन वर्षांपूर्वीपर्यंत बाळबोध पोथ्या घडाघडा वाचायचे, हेही त्यांना आठवत होतं.

३

तेलंगीणबाई म्हणजे कामेश्वरम्मा. त्यांच्या नवऱ्याची तीन वर्षांपूर्वी हैदराबादेहून इथल्या कचेरीत बदली झाली होती. नवरा कारकून, मूलबाळ नाही, घर गल्लीच्या शेवटाला. आपल्याकडं घट बसतो तसा नवरात्रात त्यांच्याकडं बाहुल्यांचा दरबार बसायचा. सात पायऱ्या, त्यावर पांढरं धोतर अंथरलेलं, सगळ्यात वर लाकडी नवरा-नवरी, खाली देव, त्याखाली वाणी, वाजंत्री, लग्नाची वरात. रोज बायकांनी यावं, कुंकू लावून घ्यावं, गाणं म्हणावं, हरभऱ्याची उसळ खावी. आणि दर वर्षी एक नवी बाहुली त्यात बसलीच पाहिजे, असा त्यांचा रिवाज.

दोन वर्षं द्वारकाबाई इतर बायकांबरोबर गेल्या होत्या. यंदा बाकीच्यांनी काही ना काही कारण काढलं. म्हणून नवमीला, भर दुपारी, त्या एकट्याच गेल्या.

खोलीत बाहेरच्या उन्हाचा मागमूस नव्हता. खिडकीला गोणपाट, दोन समया, खोबरेल तेलाचा वास. पायऱ्यांच्या खाली सरस्वतीची तसबीर, आणि तिच्यापुढं घरातलं होतं नव्हतं ते लिहिणं-वाचणं आणून ठेवलेलं: नवऱ्याच्या वह्या, पोथ्या, पाटी, दौत, टाक. सगळ्याला लाल दोरा गुंडाळलेला.

"बैठो जी, द्वारकाबाई," कामेश्वरम्मा म्हणाल्या. "आज पढना-लिखना बंद. सब देवी के पास."

"आमच्यातबी हाय की. उद्या पाटीवर सरस्वती काढायची, मगच अक्षराला हात."

"तुम याद रखना." एवढं बोलून त्यांनी समईत तेल घातलं. हात पदराला पुसत राहिल्या.

द्वारकाबाई बाहुल्या न्याहाळू लागल्या. खालून दुसऱ्या पायरीवर गेल्या वर्षीची नवी बाहुली होती: रुमी टोपी घातलेला म्हातारा, मांडीवर लिहायची फळी, हातात कलम. मुन्शीजी आठवून त्यांना हसू आलं, ते अर्ध्यावर थांबलं. मग त्यांची नजर सगळ्यात खालच्या पायरीवर गेली. डाव्या टोकाला यंदाची होती. रंग अजून ओला वाटावा अशी. नऊवारी नेसलेली बाई, एक गुडघा उभा करून बसलेली. हातात नखाएवढा निळा कागद. कागदाच्या पहिल्या ओळीखाली बोट. ओठ जरासे उघडे.

"ही कुठून आणली? कर्णपुऱ्याच्या जत्रेतून?"

"लाना नै पडता जी," कामेश्वरम्मा हळूच म्हणाल्या आणि उसळ आणायला आत गेल्या.

खोलीत कुठंतरी बारीकसा आवाज होता. समईची वात चुरचुरते तसा, पण वात शांत होती. कुणीतरी मनात वाचताना ओठांचा होतो तसा. द्वारकाबाईंना वाटलं, आपलेच ओठ हलत असतील. त्यांनी ओठ दाबून धरले. आवाज थांबला नाही.

त्या खाली वाकल्या. कागदावर अक्षरं होती. एवढी बारीक, की दिसायलाच नको होती. पण दिसली, आणि ओळखूसुद्धा आली: विळ्यासारखा वळलेला 'अ', शिरोरेघ मधेच तुटलेली. हे अक्षर त्यांनी स्वतः, लेकीचा हात हातात धरून, पाटीवर गिरवून घेतलं होतं. आज वाचायचं नसतं हे त्यांना ठाऊक होतं. पण पोथी कोण वाचतंय? एवढासा तर कागद. आणि दीड महिना झाला होता.

*आई, हे पत्र कोणाकडून वाचून घेऊ नको. तू एकटीच वाच.*

दुसऱ्या ओळीवर नजर ठेवली आणि मागून एक गार हात त्यांच्या डोळ्यांवर आला. हळदीचा वास.

"आज नै, अम्मा," कामेश्वरम्मा कानाशी म्हणाल्या. "कित्ता पढे?"

"एकच ओळ."

कामेश्वरम्मांनी हात काढला. उसळीचा द्रोण द्वारकाबाईंच्या ओंजळीत ठेवला. त्यांच्याकडं न बघता वरच्या एका पायरीकडं बघत म्हणाल्या, "पैले मैं बी पढती थी."

तिथं मांडीवर मोठं पुस्तक घेतलेली एक बाहुली होती, रंग उडालेली. पुस्तक उघडं होतं.

४

घरी येताना कोपऱ्यावर बांगडीवाल्याच्या दुकानाची पाटी लागली. तीस वर्षांची पाटी. द्वारकाबाई तिच्यापुढं उभ्या राहिल्या. निळ्या रंगावर पिवळं काहीतरी होतं. रंग दिसत होते, रंगाचे पोपडे दिसत होते, एका कोपऱ्यात कोळ्याचं जाळं आणि त्यातली माशी दिसत होती. पण ते पिवळं म्हणजे कुंपणाला अडकलेल्या चिंध्या. कुठली चिंधी कुठं संपते तेसुद्धा कळेना.

उपास, त्यांनी मनाशी म्हटलं. नऊ दिवस पोटात अन्न नाही, त्यात ऊन. घरात येऊन गूळपाणी प्यायल्या, डोळ्यांवर ओला पदर ठेवून पडल्या. उठून कॅलेंडर बघितलं. लक्ष्मी दिसली, हत्ती दिसले, हत्तींच्या सोंडेतली फुलं मोजता आली. खालचे आकडे नुसतेच मुंगळे.

दुसऱ्या दिवशी दसरा. पाटीवर सरस्वती काढली ती हातानं, डोक्यानं नाही. उभ्या-आडव्या रेघा बोटांत बसलेल्या होत्या. वर 'श्री' काढायचं राहिलं. पेन्सिल पाटीला टेकली आणि तिथंच थांबली. दाबून बघितलं तर टोक मोडलं. त्या जागी त्यांनी झेंडूचं फूल ठेवलं.

"यंदा वरचं नाय काढलं?" रामकिसननी आपट्याचं पान हातावर ठेवत विचारलं.

"काढलंय की. फुलाखाली हाय."

"आसंल. मला काय कळतंय त्यातलं?" ते हसले. त्यांना सही येत नव्हती, जन्मभर अंगठा.

द्वारकाबाईंना सांगावं असं फार वाटलं. पण काय सांगणार? बाहुलीनं नेलं? ज्या बाईनं बावीस घरांच्या गोष्टी सांगितल्या, तिला स्वतःची एक सांगता येईना. चिडून त्यांनी मोडलेली पेन्सिल अंगणात भिरकावली, आणि थोड्या वेळानं जाऊन उचलून आणली.

५

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फकिरानं गल्लीच्या तोंडापासूनच आरोळी दिली.

"द्वारकाकाकू, आलं वं! वैजापूर! तोंड गोड करा आता."

निळं अंतर्देशीय पत्र. द्वारकाबाईंनी दार लावलं, कडी घातली. चुलीपाशी बसल्या, कडा पाण्याच्या बोटानं ओल्या करून पत्र सोडवलं. पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं, ओठ उघडले, आणि लक्षात आलं की आपण एक गुडघा उभा करून बसलो आहोत. त्यांनी चटकन पाय दुमडला.

पहिली ओळ पाठ होती. आई, हे पत्र कोणाकडून वाचून घेऊ नको. बोट सरकवत म्हटली तर शब्द बरोबर बसले. तू एकटीच वाच. तीही बसली. पुढं अकरा ओळी होत्या. पाचव्या ओळीवर एक थेंब पडून शाई फुटली होती. शेवटच्या ओळीत टाक इतका दाबला होता की कागद पलीकडून उठला होता. बोटांना तो उठाव लागत होता. आंधळ्यासारखं त्यांनी तो चाचपला. काही नाही.

मग त्यांना एक सुचलं. पहिला शब्द 'आई', हे तर पक्कं. त्याचा आकार नीट ध्यानात धरून तसाच आकार खाली शोधायचा. तासभर लागला. तिसऱ्या ओळीत एक सापडला. मग थेंबाच्या अलीकडं. मग शेवटच्या, दाबलेल्या ओळीत. म्हणजे पहिला धरून चार.

चार वेळा हाक मारली होती पोरीनं. कशासाठी, ते मधल्या चिंध्यांत होतं.

वाचून देणारे नव्हते असं नाही. फकिरा वाचून देईल, शाळेतला मास्तर देईल. पण पोरीनं पहिल्याच ओळीत सांगून ठेवलं होतं. आणि दुसऱ्यानं वाचलेलं पत्र पुढं कुठंकुठं जातं, हे द्वारकाबाईंइतकं गल्लीत कुणाला ठाऊक होतं? पायलीभर ज्वारीबरोबर घरोघर जातं. वैजापूरच्या सासरी पोचायलाही वेळ लागत नाही.

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग पत्र चोळीत खुपसून ताडकन उठल्या.

६

कामेश्वरम्मा बाहुल्या भरून ठेवत होत्या. पत्र्याची मोठी पेटी, त्यात गवत. पायऱ्या मोकळ्या झाल्या होत्या. धोतराची घडी झाली होती. खालच्या पायरीवर तेवढी एक राहिली होती, तोंड भिंतीकडं करून.

"दसरे को एक को सुलाना पडता," कामेश्वरम्मा मान वर न करता म्हणाल्या. "एक सोई तो सब सोते. ये नै सोई. लिटाए तो फिर बैठती."

"तिला इकडं फिरवा."

"मैं नै देखती उनके तरफ. तुम बी मत देखो, अम्मा."

"माझ्या लेकीचं पत्र हाय तिच्याकडं!" द्वारकाबाईंचा आवाज चिरकला. "माझं मला वाचू द्यायचं नाय, तर निदान तिला विचारा काय लिवलंय!"

कामेश्वरम्मांनी पदर तोंडाला लावला आणि त्या आतल्या खोलीत निघून गेल्या. त्यांच्या बांगड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला, भिंतीला डोकं टेकून कुणी हुंदके द्यावेत तसा थांबून थांबून.

द्वारकाबाई पायरीजवळ बसल्या. ओठांचा तो बारीक आवाज होता. त्यांनी हात पुढं केला तसा तो बंद झाला. बाहुली हाताला गरम लागली. असेल, सकाळचं ऊन गोणपाटातून येत होतं. त्यांनी ती फिरवली.

निळा कागद आता घडी करून मांडीवर पडला होता. बोट ओळीखाली नव्हतं. तो हात वर गेला होता आणि तोंडावर घट्ट दाबलेला होता. वाईट काही वाचल्यावर, घरातल्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून बाई दाबते, तसा.

द्वारकाबाईंनी ती जागच्या जागी ठेवली. भिंतीकडं तोंड करून.

७

अकराच्या सुमाराला त्या घराबाहेर पडल्या. फडक्यात चार भाकरी, चटणी. नवऱ्यासाठी शेजारी निरोप: रोटेगावच्या गाडीनं वैजापूरला जाते, पोरीला घेऊन येते. घेऊन का यायचं, असं भागूबाईनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कारण सांगितलं नाही.

हौदापाशी साळूबाई कार्ड घेऊन आडवी आली. "काकू, सोलापूरचं आलंय. एवढं वाचून जा की."

"आल्यावर."

"दोन ओळी तर हैत!" मग साळूबाई थबकली. तिनं द्वारकाबाईंच्या चेहऱ्याकडं निरखून बघितलं. "काकू, डोळ्याला काय झालं का?"

"तुझ्या खांद्यावर मुंगी हाय. काळी. पदराखाली जायली बघ." द्वारकाबाईंनी चिमटीत ती अलगद उचलली आणि फुंकरीनं उडवली.

साळूबाईनं सुटकेचा श्वास टाकला. "बया, मग तर तुमची नजर लई चांगली हाय. मी उगं भ्याले. तुम्ही एकट्याच गेल्तात ना तिच्याकडं? लोक म्हणतात, तिची बाहुली वाढली की गल्लीतल्या एकाचे डोळे जातात. आंधळं होतं म्हणं माणूस. खोटंच की मग?"

चार दिवस ज्यासाठी जीव टांगला होता, ते अर्धं वाक्य असं फुकट, भर रस्त्यात हातात पडलं.

"डोळे जात नायत," द्वारकाबाई म्हणाल्या. "ते खोटं हाय."

"आणि बाहुली?"

त्या चालू लागल्या होत्या.

"गाडीचा बोर्ड वाचून बसा वं काकू!" साळूबाई मागून ओरडली. "भागूबाई मागं वाचता येईना म्हणून परभणीच्या गाडीत बसली हुती!"

गल्लीच्या तोंडाशी, बांगडीवाल्याच्या पाटीखाली त्या क्षणभर थांबल्या. चोळीतून पत्र काढून उघडलं. तो आकार शोधला. पहिल्या जागी नव्हता. तिसऱ्या ओळीत नव्हता. थेंबाजवळ नव्हता. तेवढंही गेलं का?

मग त्यांनी कागद फिरवून सरळ धरला.

होता. चारही ठिकाणी होता.

पत्र मुठीत तसंच उघडं धरून, ओठ हलवत, द्वारकाबाई स्टेशनच्या दिशेनं झपाझप निघाल्या.